झुल्यांच्या अलीकडची गल्ली

आमच्या घरमालकांनी जन्मात कधी आकाशपाळण्यात पाय ठेवला नाही. तरीही करमणुकीचं पार्क म्हणजे काय चीज असते हे वर्ध्याजवळच्या आमच्या देवळीत कोणाला विचारायचं झालं, तर लोक त्यांच्याच दुकानाकडे बोट दाखवायचे. नागपूरच्या पलीकडे त्या वेळी एक मोठं पार्क निघालं होतं. आत पाळणे, घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा. पुढे पुढे तर मुक्कामाला खोल्याही झाल्या आणि लोक त्याला रिसॉर्ट म्हणू लागले. काका तिथे वर्षातून दोन-तीनदा तरी जायचे. पण तिकीट काढून आत गेले ते एकदाही नाही. ते फाटकाच्या अलीकडेच थांबायचे, कारण फाटकाच्या अलीकडे बाजार होता.

नव्वदच्या दशकात मी देवळीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. खाली रस्त्याला लागून त्यांचं भांड्यांचं दुकान, दुकानाच्या पाठीशी घर, आणि घराचं दार मागच्या बोळात. गाव त्यांना भांडेवाले शेठ म्हणे. मी काका म्हणायचो, त्यांच्या पत्नीला काकू. ते मला मास्तर म्हणत आणि विद्यार्थ्यासारखं वागवत.

माणूस किडकिडीत, पण बोटं पोलादाची. दिसलेल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारायची आणि कान लावून नाद ऐकायचा, ही त्यांची सवय. कुणाकडे चहाला गेले तरी आधी कप-बशीला टिचकी, मग यजमानांना नमस्कार. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना पेढे दिले, तर यांनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "पेढे चांगले असन, पण डबा पातळ हाय."

दुसऱ्याचं दुकान पाहणं हा त्यांचा खरा छंद. लोक देवदर्शनाला जातात तसे हे दुकानदर्शनाला जायचे. हिंगणघाटला भाच्याचं लग्न होतं. मुहूर्त टळायची वेळ आली तरी मामाचा पत्ता नाही. शेवटी सापडले ते मिठाईच्या दुकानासमोर. दुकानदार खोक्याला सुतळी कशी बांधतो ते पाहत उभे होते. "मास्तर, एका हातानं गाठ मारते तो!" हे त्यांनी मला आठवडाभर सांगितलं. नवरी कशी आहे ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. अल्लीपूरला कुणाच्या तेराव्याला गेले आणि परतले ते तिथल्या पानठेल्याचं कौतुक करत. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तिथं रडाले गेलते का पान पाहाले?"

काकूंच्या स्वयंपाकघराबद्दल सांगायलाच हवं. भांडेवाल्याचं घर, पण घरात एक भांडं धड नाही! ज्याला पोचा पडला, ज्याचा कान वाकला, ते विकलं जात नाही म्हणून घरात. शिवाय आमच्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत. नाव चुकलं, नाहीतर ठरलेलं लग्न मोडलं, की ती भांडीही घरातच यायची. मी त्यांच्याकडे कितीतरी वर्षं ज्या पेल्यातून ताक प्यायलो, त्याच्यावर कुठल्याशा मोडलेल्या लग्नाच्या शुभेच्छा कोरलेल्या होत्या. काकू म्हणायच्या, "प्या मास्तर. लग्न मोडलं, पण पेला भल्ला टिकला."

तर पार्क. काका तिथे पहिल्यांदा गेले ते आमच्या शाळेच्या सहलीबरोबर. सहलीच्या स्वयंपाकाला लागणारी भांडी त्यांनी फुकट दिली, आणि भांड्यांची राखण करायला म्हणून स्वतःच बसमध्ये चढून बसले. तिथे पोचल्यावर आम्ही मुलांना रांगेत लावून आत नेलं. दिवसभर पोरं पाण्यात डुंबली, किंचाळली, दोघांच्या चपला हरवल्या. परतताना काका बसपाशी आमच्याआधी हजर, चेहरा असा खुललेला की काय सांगावं! दुसऱ्या दिवशी दुकानात माणसं जमली आणि काकांनी पार्काचं वर्णन सुरू केलं. मधोमध फरशीचा रस्ता, दोन्ही बाजूला रंगीत दुकानं, एक गाडी नाही, एक हॉर्न नाही, झाडाखाली बाकडी, कुठे मक्याचं कणीस, कुठे डोसा, कुठे काचेच्या बांगड्या. अर्धा तास झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, "अन् झुले कसे हाय जी?"

 काका माझ्याकडे वळून म्हणाले, "झुले होते काय जी, मास्तर?"

त्या माणसानं संपूर्ण दिवस फाटकाबाहेरच्या गल्लीत काढला होता आणि तेच पार्क असं समजून तृप्त होऊन परत आला होता. गावाला हसायला महिनाभर पुरलं. काका मात्र जराही ओशाळले नाहीत. उलट म्हणाले, "झुल्यात काय हाय? पोटातलं वर येते. गल्लीत पोटात जाते."

पुढे ते मुद्दाम जाऊ लागले. कधी नागपूरला माल आणायचं निमित्त, कधी पाहुण्यांना फिरवायचं. परत आले की माझी शिकवणी. त्यांच्या मते त्या गल्लीची खरी जादू होती ती बाकड्यांत. "आपल्या बाजारात माणूस उभ्यानं घेते अन् पळते. तिथं तो बसते. बसला की त्याले समोरचं दुकान दिसते. दिसलं की उठते. अन् उठला की गेलाच समजा." दुसरी गोष्ट म्हणजे तिथली गिऱ्हाइकं पाण्यातून भिजून येतात. भिजलेल्या माणसाला भूक लागते आणि भुकेला माणूस घासाघीस करत नाही. त्या गल्लीतल्या दुकानांना वरचा मजला नुसता दिखाव्याचा होता, भिंतीवर खिडक्या रंगवलेल्या. हे कळलं तेव्हा काका हरखून गेले. "वरचा मजला खोटा हाय, मास्तर! ना झाडाले लागे, ना लिंपाले लागे, ना भाडेकरू ठेवा लागे!" हे म्हणताना ते माझ्याकडे जरा जास्तच रोखून पाहत होते असं मला वाटलं.

मी वर्गात पोरांना काटकसर शिकवणारा माणूस. एकदा चिडून म्हणालो, "काका, तिथे सगळं दुपटीनं मिळतं. तोच गॉगल वर्ध्याच्या बाजारात निम्म्या किमतीला आहे."

"गॉगल भेटते वर्ध्याले," काका शांतपणे म्हणाले. "तो लावून फिराले रस्ता भेटते काय?"



त्यांचा तिथला एक पराक्रम तर मी डोळ्यांनी पाहिला. मुलांना घेऊन मी पुन्हा सहलीला गेलो होतो आणि काका अर्थातच बरोबर होते. गल्लीतल्या एका कपड्याच्या दुकानाचा मालक चहाला म्हणून पलीकडे गेला होता. तेवढ्यात एक कुटुंब आलं आणि रंगीत बनियनं हाताळू लागलं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या काकांना ते बघवेना. दुकानदाराची जात! गिऱ्हाईक उभं आणि गल्ल्यावर कुणी नाही, हे दृश्य त्यांना सोसत नाही. ते उठले, आत शिरले, "या, बसा" म्हणाले आणि घडी उलगडायला लागले. भाव ठाऊक नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या मनानं सांगितला. मालक चहा पिऊन आला तर चार बनियनं विकली गेलेली, तीही त्याच्या भावापेक्षा चढ्या दरानं. मला वाटलं आता मारामारी होते. मालकानं काकांकडे पाहिलं, पैशांकडे पाहिलं, आणि स्वतःची खुर्ची रुमालानं झटकून त्यांच्याकडे सरकवली. त्यानंतर काका आले की तो उठून उभा राहायचा.

या सगळ्यात काकू कुठेच नव्हत्या. हे माझ्या लक्षात आलं ते माझं लग्न झाल्यावर. माझी बायको नवीन संसाराची खरेदी करायला निघाली आणि सहज म्हणाली, "काकू, चला की बाजारात." काकू हसल्या. "आमच्यात नाई जात बाई."

देवळीच्या आमच्या गल्लीतल्या व्यापारी घरांची ही रीत होती. दुकानदाराच्या घरची बाई गावच्या बाजारात फिरत नाही. एका दुकानातून काही घेतलं तर दुसऱ्याला राग, कारण सगळेच एकमेकांचे सोयरे नाहीतर वैरी. शिवाय शेठाची बायको भाव करताना दिसली तर शेठाचं काही खरं नाही असं लोक समजणार. म्हणून साड्यांचं गाठोडं घरी यायचं. समोरचा कापडवाला चार साड्या पाठवी, काकू एक ठेवून घेत. त्या बहुधा सगळ्यांत वरचीच ठेवायच्या. "उलथापालथ करावी त घडी मोडते," असं म्हणायच्या. सासूबाईंनी घातलेला हा नियम सासूबाई गेल्या तरी राहिला होता. मागच्या बोळानं देवळात, मागच्या बोळानं लग्नाकार्याला. ज्या रस्त्यावर घर उभं होतं त्या रस्त्यानं काकू कधी निवांत चालल्याच नव्हत्या.

मला काकांचा राग आला. जगाच्या बाजाराचं कौतुक करणारा माणूस स्वतःच्या बायकोला बाजार दाखवत नाही! तसं बोलूनही दाखवलं.  पुढच्याच रविवारी काकूंना आणि आम्हा दोघांना घेऊन ते पार्कला निघाले.

गल्लीच्या तोंडाशी काकू थबकल्या. पदर सावरला. इकडे तिकडे पाहिलं. "इथं आपल्याले कोणी ओळखते काय?"

"कुत्रं नाई ओळखत," काका म्हणाले.

आणि काकू सुटल्या. दुसरा शब्द नाही. या दुकानात शिर, त्या दुकानात शिर. वस्तू उचल, उलटी करून पाहा, भाव विचार, ठेवून दे. एका बांगडीवाल्याला तर त्यांनी इतकं छळलं की तो शेवटी स्वतःच हसायला लागला. भर रस्त्यात उभ्या राहून मोसंबीचा रस प्यायल्या, मग डोसा, मग पुन्हा रस. काका आमच्याबरोबर बरंच मागे चालत होते. मी म्हटलं, "जा की पुढे, बरोबर चाला." ते कुजबुजले, "नाई जी. मी तिले ओळखतच नाई असं दाखवून राह्यलो. मोकळं वाटलं पाह्यजे तिले."

दिवसभराच्या त्या धुमाकुळात काकूंनी एकच वस्तू घेतली. लाल फीत लावलेली गवताची मोठी टोपी. नऊवारीतून पाचवारीत यायला जिला सासूबाईंची परवानगी लागली होती, ती बाई ती टोपी घालून परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली. कंडक्टरनं वळून पाहिलं तर त्याला म्हणाल्या, "काय पाहतं बे? तिकीट फाड." आम्ही हसून हसून वाकलो. वर्धा मागे पडलं, शेतं सुरू झाली आणि देवळीची पहिली घरं दिसताच काकूंनी टोपी काढून पिशवीत कोंबली.

"काहून काढली?" काकांनी विचारलं.

"देवळी आली ना."

काकांचा चेहरा त्या क्षणी जसा उतरला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. टोपी पुढे स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली गेली आणि काकू तिच्यात लसूण ठेवू लागल्या. जेवायला बसलं की काका त्या लसणाकडे पाहत आणि घास हातातच राही.

मग एके दिवशी ते माडीवर आले. "मास्तर, आपल्या रस्त्यावर तशी गल्ली कराची. एका रविवारी. सांजच्याले."

मी म्हटलं, "काका, इथे ना पार्क ना पाणी. भिजलेली गिऱ्हाइकं कुठून आणणार?"

"मले गिऱ्हाईक नाई पाह्यजे," ते म्हणाले. "मले तिले या रस्त्यानं चालताना पाहाचं हाय."

हे त्यांनी मला सांगितलं. गल्लीला सांगितलं ते वेगळंच. समोरच्या कापडवाल्याला ते म्हणाले की मिठाईवाला तयार आहे, तुमचंच अडलं. मिठाईवाल्याला म्हणाले की कापडवाला तयार आहे. मी म्हटलं हे खोटं झालं. "खोटं काहून? दोघंही हो म्हणणारच होते. मी फक्त वेळेच्या आंधी सांगतलं." बैलगाड्या आणि मोटारसायकली त्या संध्याकाळी गल्लीबाहेर लावायचं ठरलं. मिठाईवाला आलुबोंडे तळणार होता. दिव्यांच्या माळा मंडपवाल्याकडून आल्या. बाकडी कुठून आणायची हा प्रश्न होता, तो माझ्या गळ्यात पडला. मी शाळेतून पाचवीच्या वर्गाची बाकडी आणली. त्यांच्यावर बसलं की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागायचे.

काकूंना काकांनी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाई येत. भांडेवाल्याची बाई रस्त्यावर हिंडून राह्यली म्हणतीन लोक. तुम्ही करा तुमचं." काकांनी पुन्हा विषय काढला नाही. मला म्हणाले, "जबरदस्तीनं फिरवलं त ते फिरणं काह्याचं?"

तो रविवार आला. दिवे लागले, गल्ली झाडून सडा टाकून झाली आणि कुणी येईना. आले ते सगळे पुरुष, हात मागे बांधून, एखाद्या पंचनाम्याला आल्यासारखे. बाई एक नाही; काकू येत नाहीत तर मी कशी जाऊ म्हणून माझी बायकोही माडीवरच थांबली होती. माडीच्या खिडक्यांत मात्र बांगड्या वाजत होत्या, दारांच्या फटींत डोळे होते. प्रत्येक घर पाहत होतं की आधी कोण निघतं. काकांनी मला दुकानासमोरच्या बाकड्यावर बसवलं होतं. "रिकामं बाकडं पाहून कोणी बसत नाई, तुम्ही बसून राहा." मी बसून राहिलो. गुडघे दुखायला लागले. आत गल्ल्यावर काका एक लखलखीत कळशी पुन्हा पुन्हा पुसत होते. कापडवाला समोरून ओरडला, "शेठ, लाईटचं बिल तुमच्याकडं बरं!" काका कसंनुसं हसले आणि पुन्हा कळशी पुसायला लागले.

आणि तेवढ्यात बसस्टँडच्या बाजूनं काकू आल्या.

घरातून नाही. मागच्या बोळानं निघून, सगळ्या वस्तीला वळसा घालून, परगावची गिऱ्हाइकं जिकडून येतात तिकडून त्या गल्लीत शिरल्या. अंगावर हिरवी साडी, हातात रिकामी पिशवी, एकट्या. मी उठायला गेलो तर आतून काकांचा आवाज आला, "हलू नका मास्तर. पाहू नका तिच्याकडं. ध्यान जाईन तिचं."

काकू पहिल्या दुकानापाशी थांबल्या. दुसऱ्यापाशी थांबल्या. आलुबोंड्याच्या कढईसमोर उभ्या राहून त्यांनी एक प्लेट घेतली आणि उभ्यानंच संपवली, वर झणझणीत रश्श्याची तर्री मागून घेतली. मग कापडवाल्याच्या पायऱ्या चढल्या. एका साडीची घडी मोडली, मग दुसरीची, मग तिसरीची. कापडवाला हात जोडून म्हणाला, "माय, कोण्या गावच्या तुम्ही?"

वर्षानुवर्षं त्यानं ज्या घरी गाठोडी पाठवली, त्या घरच्या बाईचा चेहरा त्यानं कधी धड पाहिलाच नव्हता!

"इथंचीच," काकू म्हणाल्या. "तुमच्या समोर राह्यतो."

कापडवाला ताडकन उभा राहिला. त्याच्याच घराचं दार करकरलं आणि त्याची बायको डोकं बाहेर काढून पाहू लागली. काकूंनी तिला हाक मारली, "या ना बाई, बोंडे गरम हाय." ती आली. मग मिठाईवाल्याची सून आली. मग कुठून कुठून पदर सावरत बायका निघाल्या ते कळलंच नाही, पण थोड्या वेळानं माझ्या बाकड्यावर तिघीजणी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मास्तरांना उठायला सांगितलं गेलं होतं.

काकू शेवटी आमच्या दुकानासमोर आल्या. रस्त्यात उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. टांगलेल्या बादल्या, उतरंडीनं रचलेले डबे, पितळेची घागर, दिव्याच्या उजेडात चमकणारी ताटांची रांग. इतक्या वर्षांत त्यांनी हे दुकान पाहिलं होतं ते घरातल्या दाराच्या पडद्याआडून. तिथून दिसायची ती काकांची पाठ.

"बाप्पा!" काकू म्हणाल्या. "समोरून एवढं मोठं दिसते आपलं दुकान?"

 काका उभे राहिले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जे बोलत आले तेवढंच बोलता आलं, "या. बसा. काय दाखवू?"

"सगळंच दाखवा."

आणि काका दाखवत सुटले. घागरी काढल्या, तांबे काढले, माळ्यावरचे डबे खाली आणले. ओटा भरला, पायऱ्या भरल्या. काकू एकेक भांडं हातात घेत, फिरवून पाहत, भाव विचारत, "महाग हाय" म्हणून बाजूला ठेवत. काका घाम पुसत नवीन काढत होते. असं पाऊण दुकान जमिनीवर आल्यावर काकू उठल्या, पिशवी झटकली.

"आज नाई घेत. पुढची दुकानं राह्यली पाहाची."

आणि गेल्या, रस्त्याच्या अगदी मधून. मांडलेल्या भांड्यांच्या ढिगात काका हातात झाकण धरून उभे होते आणि ती हिरवी साडी गर्दीत दिसत होती तोवर त्यांनी पापणी हलवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"काईच नाई घेतलं, मास्तर," ते म्हणाले. "पाहा, कशी चालून राह्यली!"